गुरामीचं घर आणि फ्रिजचं रबर

बंद मोटर दिसली की जावयाचे हात शिवशिवायचे. फ्रिजदुरुस्तीच्या धंद्यात मुरलेला गडी. गप्प पडलेलं यंत्र त्याला आजारी माणसासारखं वाटायचं. त्या दुपारी सासऱ्यांच्या शिवणखोलीत माशांच्या टाकीचा फिल्टर थंड पडलेला दिसला. वर पाण्यावर एका कोपऱ्यात फेस साचलेला. "तरीच!" म्हणून त्याने मोटर उघडली, आतला कचरा काढला, फेस जाळीने निपटला आणि बटण दाबलं. पाणी असं खळाळलं की त्याने मनातल्या मनात स्वतःचीच पाठ थोपटली.

तेवढ्यात सासरे आले, तोंडात टाचण्या धरून. टाकीपाशी थबकले. मग एकेक टाचणी तोंडातून काढून टाचण्यांच्या गादीत खुपसू लागले. जावयाने ओळखलं, आता बोलणं लांबणार.

"इथला फेस कुठे गेला?"

"काढला की. मोटरपण चालू करून दिली, बाबा. जाम झाली होती."

"जाम नव्हती. मी बंद ठेवली होती. फेस नव्हता तो, घर होतं."

"कुणाचं?"

"माझ्या आज्याचं! अहो, गुरामीचं! नर तोंडाने एकेक बुडबुडा सोडून घरटं बांधतो, त्यात अंडी सांभाळतो. पाणी हललं की संपलं." आणि ते काचेतल्या निळ्या नराकडे वळले. "बघ रे राजा, तू साधा मासा, पण बायको आणायच्या आधी घर बांधतोस. नाहीतर आमचे जावईबापू. सासऱ्याच्या घरात राहून दुसऱ्याचं घर मोडतात."

हा टोमणा नेम धरून मारलेला होता. भाड्याची खोली सुटली तेव्हा जावई 'चार दिवस' म्हणून इथे आला होता आणि ते चार दिवस काही संपत नव्हते. त्यात बायकोला दिवस गेलेले.

"आता ऐका," सासरे म्हणाले. "मादी म्हातारी झालीय. आणखी एकदा अंडी देईल न देईल. नराने पुन्हा घर बांधलं आणि पिल्लं जगली, तर राहा. नाहीतर आपलं बिऱ्हाड उचला."

"बाबा!" दारातून लेक ओरडली.

"तू राहशील गं. मी ह्यांचं बोलतोय."

त्या दिवसापासून दोघांत सरळ बोलणं बंद. जे सांगायचं ते सासरे माशाला सांगत आणि जावई भिंतीला. पण काम जावयाने अंगावर घेतलं. टाकीतलं पाणी वीतभर ठेवलं, ते कोमट राहील असं पाहिलं, मादीला वेगळ्या बरणीत ठेवून डासांच्या अळ्या चारल्या. अळ्यांची बादली मोरीत होती. संध्याकाळी सासूबाई स्वतःच्याच गालावर चापट्या मारत आणि नाव जावयाचं घेत.

नर मात्र ढिम्म. आणि सासरे खूश होते की काय, कळायला मार्ग नव्हता. "तूही रुसलायस," ते माशाला म्हणत. "स्वाभिमान आहे ना!"

अखेर एका सकाळी काचेला चिकटून चार बुडबुडे दिसले. दुपारपर्यंत त्यांचा तळहाताएवढा थर झाला. मादी सोडली, जोडी जमली, अंडी पडली. आणि लगेच नराने तिच्या शेपटीचे लचके तोडायला सुरुवात केली. जावयाने तिला झटकन उचललं.

"एवढं जमलं," सासरे माशाला म्हणाले. "पण पिल्लं पहिल्यांदा वर येऊन हवा घेतात, तेव्हा मरतात. दरवेळी. त्याला कोण काय करणार?"

जावयाने कागदाचा कपटा झाकणाच्या काचेखाली धरला आणि ओढला. कपटा अलगद बाहेर आला. फ्रिजचं दार नीट बसतंय का, हे तो असंच बघायचा. "झाकण गळतंय," त्याने भिंतीला सांगितलं. "बाहेरचा गारवा आत शिरतो, तोच पिल्लांच्या श्वासात जातो. कडेला कोंबलेल्या या चिंध्यांनी तो थांबत नसतो."

त्याच्या दुकानातली जुनी रबरं वाळून कडक झालेली. मऊ, कोरं रबर गावात एकच होतं: सासूबाईंच्या फ्रिजच्या दाराचं, जे त्याने स्वतःच नुकतं बसवलं होतं. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. एका कोपऱ्यात हवेपुरती खाच ठेवून त्याने ते झाकणाखाली चहूबाजूंनी बसवलं. कपटा ओढला, तो फाटला.

पिल्लं वर आली तेव्हा दोघेही टाकीपाशी उभे होते, मधे शिलाई मशीन ठेवून. पापणीच्या केसाएवढी पिल्लं पृष्ठभागाला टेकत, खाली जात, पुन्हा वर येत. दुसऱ्या दिवशीही वर येत होती. तिसऱ्याही.

सासऱ्यांनी जाळी घेतली आणि नराला बाहेर काढलं.

"त्याला का?" जावई पहिल्यांदाच सरळ बोलला.

"पिल्लं नीट पोहायला लागली की बाप त्यांना खातो. म्हणून बापाला हाकलायचं असतं." सासरे त्याच्याकडे रोखून बघत राहिले. मग मान फिरवली. "आमच्याकडच्या पिल्लाला अजून वेळ आहे. राहा. लळा लागलाय म्हणून नव्हे. शब्द दिला होता म्हणून."

"मला तरी कुठे तुमचा लळा लागलाय?"

"मग बरंय."

स्वयंपाकघरात सासूबाईंचा फ्रिज आता सासऱ्यांच्याच शिवणातल्या नाडीने करकचून बांधलेला असतो. त्या रोज नाडी सोडतात, दूध काढतात, पुन्हा गाठ मारतात आणि जावयाच्या ताटात भाकरी आपटून विचारतात, "रबर?"

"उद्या आणतो, आई."