खोकला उतरल्यावर

बायनाबाई सावली गावाजवळच्या खेड्यात धानाच्या रोवणी-कापणीची मजुरी करायची. उन्हाळ्याआधी नवऱ्याबरोबर, हरिदासबरोबर, मिरची तोडायला परमुलखात जायची. त्या फिरतीत तिच्या लेकरांची लस राहून गेली.

१९८६ च्या हिवाळ्यात चार वर्षांच्या चंदाला डांग्या खोकला झाला. ढास लागली की पोरीचं तोंड जांभळं पडायचं, मग हूऽप करून श्वास आत जायचा आणि मागोमाग उलटी. हरिदासने तिला सायकलवर सावलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जंतू मारायचं औषध दिलं आणि ताप आला तर लगेच आणायला सांगितलं.

हळूहळू ढास कमी झाली. चंदा भात मागू लागली, तशी बायनाबाई कापणीला गेली. त्याच आठवड्यात पोरीला ताप चढला. सर्दीचा असेल, असं घरच्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी श्वासागणिक तिच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सुया दिल्या. दिवस मावळायच्या आत चंदा गेली. बौद्ध रीतीने त्रिशरण म्हणून लोकांनी तिला माती दिली.

पुढे धाकटा चैतूही खोकू लागला. त्याला कडेवर घेऊन बायनाबाई एकटीच दवाखान्यात गेली.

"बाई, खोकला तं उतरला होता. औषधानं जंतू मरते म्हनलं तुमी. मंग माही पोरगी काऊन मेली?"

डॉक्टरीणबाईंनी चैतूची छाती तपासली. मग म्हणाल्या, "श्वासनळीत बारीक लव असते. ती हलत राहते, कफ आणि जंतू वर ढकलते. या खोकल्याचे जंतू विष सोडतात, त्यानं ती लव झडते. जंतू मेले तरी ती पुन्हा यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर छाती उघडीच. दुसरे जंतू आत उतरले, तिला न्यूमोनिया झाला."

"म्हंजे मी कापनीले गेली, तवा ते बरी झाली नोती."

"नव्हती. पण बाहेरून तसं दिसत नाही, बायनाबाई."

तिने चैतूला पुढे धरलं. म्हणाली, "आता याचं कसं करू, थे सांगा."

तिने मजुरी सोडली. पोराला धूर लागू नये म्हणून थंडीतही चूल अंगणात मांडली. खोकणाऱ्या कुणाला घरात घेतलं नाही. सासू चिडली, "पोराले पाहू बी देत नाई!" ढास कमी झाल्यावर तर बायनाबाईचा डोळा चैतूच्या बरगड्यांवरून हलेना. एके दुपारी त्याचं अंग तापलं आणि ती तशीच अनवाणी सावलीच्या वाटेला लागली. न्यूमोनियाच होता, पण वेळेत सापडला. चैतू वाचला. त्याची छाती मात्र पुढे कित्येक हिवाळे वाजत राहिली.

गावात नर्स लस टोचायला आली की बायनाबाई घरोघरी जाऊन बायांना बाहेर काढायची.

"सुईनं लेकरू तापते," कुणी म्हणे.

"तापू दे. एक-दोन दिवस तापंन."

याहून जास्त ती बोलत नसे. चंदाचं नाव निघालं की उठून जायची.