दुर्बिणीच्या डोळ्यावरचं कुंकू

ढोकीच्या महांतप्पाचं कापडाचं दुकान होतं, पण चित्त सदा आभाळात. गजानं खण मोजता मोजता तो गिऱ्हाइकाला गुरू कुठं उगवलाय ते सांगायचा. बायको शांतम्मा चिडवायची, "अहो, आभाळाचं ऱ्हाऊ द्या, हातातलं कापड तिरपं फाटंल!"

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात तो माल भरायला सोलापूरला गेला न् जुन्या बाजारात दोन दुर्बिणींपुढं अडकला. एक पितळी, ओढली की लांब होणारी. तिच्यातून मिलची चिमणी सरळ दिसायची. दुसरी लांबलचक काळी नळी, पुढं रुंद भिंग, खाली तीन पायांची घोडी. तिच्यात सगळं जग उलटं!

"शेठ, पितळी घ्या," दुकानदार म्हणाला. "काखेत मारून न्याल. तुमच्या निजामाच्या मुलखात सध्या दिवस बरे न्हाईत."

खरं बोलत होता बिचारा. पण महांतप्पा दिवेलागणीपर्यंत तिथंच बसला आणि दोन्ही गुरूवर लावून बघितल्या. पितळी हातात थरथरायची, गुरू नुसता नाचायचा. काळी घोडीवर ठेवली, तर गुरू जागच्या जागी, अन् शेजारी त्याचे बारके चंद्र ओळीनं. पुढचं भिंग रुंद, म्हणून उजेड जास्त. "उलटं तर उलटं, आभाळाला कुठं आलंय डोकं न् पाय?" म्हणत त्यानं काळीच घेतली. किती हरखला होता गडी!

कापडाच्या गठ्ठ्यात दडवून त्यानं ती सरहद्दीच्या नाक्यापार आणली. माळवदावर शांतम्मानं पहिल्यांदा चंद्र बघितला अन् म्हणाली, "अगं बया, ह्याला तर देवी येऊन गेल्यात की!" दोघं पोट धरून हसले.

पावसाळा सरला आणि वारं फिरलं. बंदुका घेतलेले निजामाच्या बाजूचे खाकीवाले गावोगाव हिंडायला लागले. शेजारच्या गावातला एकजण चौकशीला नेला, तो परतलाच न्हाय. महांतप्पानं दुर्बीण आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

खंडेनवमी आली. महांतप्पा दुकानात असताना शांतम्मानं रीतीप्रमाणं घरातली हत्यारं पूजेला मांडली. विळा, कुऱ्हाड, कात्री, गज. मग नवऱ्याच्या जिवाची वस्तूच मागं कशी ठेवायची? तिनं दुर्बीण घोडीवर चढवली, झेंडूचा हार घातला, अन् डोळा लावायच्या बारक्या भिंगावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला अख्खी पेठ घरात आली, अन् सगळ्यांनी ती हार घातलेली नळी बघितली. माणसं पांगताच महांतप्पानं दुर्बीण धोतरात गुंडाळली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच. महांतप्पाच्या घरात तोफ हाय, तिची पूजा बांधत्यात!

दोन दिवसांनी तिन्हीसांजेला खाकीवाले दारात. "तोफ किधर है?"

"हत्यार न्हाय साहेब," महांतप्पा म्हणाला. "दुर्बीण हाय. डोळा लावा, चंद्र दिसंल. मग तुम्हीच ठरवा." त्यानं घोडी अंगणात मांडली आणि नळी वर आलेल्या चंद्रावर रोखली.

म्होरक्यानं डोळा लावला. "कुछ नई दिखता. अंधेरा है."

महांतप्पा खाली वाकला. बारक्या भिंगावर कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. धोतराचा सोगा घेऊन तो पुसायला गेला, तोच त्याचा हात पिरगळला गेला.

"ये किसने लगाया?"

उंबऱ्यात शांतम्मा उभी होती. तिच्याकडं न बघता महांतप्पा म्हणाला, "म्याच."

"पूजा हत्यारकीच करते ना तुम लोगां?"

व्हय म्हणावं तरी फास, न्हाय म्हणावं तरी कुंकू समोर. एकानं नळी बंदुकीसारखी खांद्यावर टाकली, दुसऱ्यानं महांतप्पाला पुढं ढकललं.

पदर ओला करून शांतम्मा रस्त्यात धावली. "थांबा, पुसून देते! एकदा तरी बघा, चंद्र दिसतो त्यातनं!"

कुणी थांबलं न्हाय. महांतप्पानंही मागं बघितलं न्हाय. बघितलं असतं, तर कुंकू कुणाच्या बोटाचं ते त्याच्या नजरेवरनं खाकीवाल्यांना कळलं असतं.