रत्नागिरीत ज्वारी मिळते का?

नव्या गावात माणूस एकटा राहायला गेला की आधी त्याचं पोट हिंडतं आणि मागोमाग तो. पोटामागे हिंडणाऱ्याची फजिती व्हायचीच! त्यामुळे असले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत, कपाच्या तळाला चहाची पूड साचते तसे ते आपोआप साचतात. माझ्या रत्नागिरीच्या पहिल्या वर्षात तर इतके साचले की मंडळी जमली म्हणजे थोडे ढवळल्याशिवाय मला राहवत नाही.

मी साताऱ्याकडचा. सन तिसाच्या सुमारास बदली होऊन रत्नागिरीच्या कचेरीत कारकून म्हणून आलो. बायको इंदू माहेरी होती. "आधी बिऱ्हाड बघा, मग येते," म्हणाली होती. बिऱ्हाड मिळालं, तसं कळवलं. उलट टपाली उत्तर आलं आणि त्यात एकच प्रश्न : 'तिथे ज्वारी मिळते का? दादा म्हणतात, तिकडे नुसता भात. मिळत नसेल तर मी यायची नाही.'

दादा म्हणजे तिचे थोरले बंधू. त्यांनी कोकण पाहिलेलं नव्हतं, पण कोकणाबद्दल त्यांची मतं भारी ठाम!

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मला बायको हवी होती, म्हणजे आता ज्वारी हवी होती.

*

माझ्या शेजारच्या टेबलावर दामले बसायचा. पक्का इथला, आणि जीभ म्हणजे लवंगी मिरची. त्याला घेऊन मी बाजारात गेलो. चार दुकानांत नन्ना झाला. पाचव्या दुकानातला वाणी मात्र म्हणाला, "आहे थोडी मागे. जुनी आहे, चालेल ना?"

मला गगन ठेंगणं झालं! "चालेल, चालेल!"

वाणी उठता उठता थांबला. "कबुतरं किती आहेत तुमच्याकडे? त्या मानानं देतो."

मी दामल्याकडे पाहिलं. दामल्यानं शांतपणे सांगितलं, "एकच आहे हो. साताऱ्यास असतं."

*

बिऱ्हाड काशीकाकूंकडे होतं. वय पासष्टीच्या पुढे, एकट्याच राहायच्या. पुढची खोली मला दिली होती आणि सकाळचं खाणंही त्याच घालायच्या.

पहिल्या दिवशी पानात काय? गुरगुट्या भात, मेतकूट, तूप आणि लोणच्याची फोड. आमच्याकडे असला भात आजाऱ्याला देतात. मला वाटलं, मोटारीच्या प्रवासानं माझं तोंड उतरलेलं दिसत असेल. म्हटलं, "काकू, मी बरा आहे हो."

"मग खा. आणखी बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानं घावन आले, जाळीदार, पांढरेशुभ्र, सोबत नारळाचं गूळ घातलेलं दूध. मी सात खाल्ले. मग काकूंनीच विचारलं, "अरे, आता बरं नाही वाटत का तुला?"

*

एकदा संध्याकाळी कचेरीतून आलो, तर काकू दारातूनच म्हणाल्या, "हातपाय धू. तुझ्यासाठी धोंडस केलंय."

मी पायरीवरच थबकलो. आमच्याकडे अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात सासू जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालते. काकूंची एक नात लग्नाची आहे, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. बाई गरीब, आपण एकटे राहतो, हिनं मनात काही भलतंच तर धरलं नाही ना? टोपी हातात घेऊन मी म्हणालो, "काकू, माझं लग्न झालंय हो!"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "बरं मग? लग्न झालेल्यांना काकडी चालत नाही का तुमच्यात?"

धोंडस म्हणजे जून काकडी किसून, रवा-गूळ घालून, वर-खाली विस्तव ठेवून भाजलेला केक! त्याची वडी तोंडात टाकली आणि पुढे अर्धा तास मी मान वर केली नाही. थोडी लाजेनं आणि बरीचशी धोंडसामुळे.

*

कचेरीच्या उतारावर बंडूनानांचं हॉटेल होतं. हॉटेल कसलं, घराची पडवी, त्यात दोन बाकं आणि आतून नानांच्या बायकोच्या हातच्या आंबोळ्या. चहाला आलं आणि गवती चहाची पात. आमच्या टोळक्याचा अड्डा तिथेच.

आमचे हेडक्लार्क अण्णा फार कर्मठ. त्यांच्या मते चहा हे व्यसन, चिनीमातीचा कप म्हणजे बाट आणि हॉटेल म्हणजे दोन्हींचं माहेर. तरी ते रोज तीन वाजता हॉटेलात यायचे, "कचेरीतलं कोण कोण इथं बसतंय" ते बघायला! येताना कोटाखाली स्वतःचं पितळी पंचपात्र. ते बाकावर ठेवलं की नाना आत ओरडायचे, "अण्णांचा काढा!" काढा आला की अण्णा डोळे मिटून प्यायचे. आम्ही माना खाली घालून हसायचो.

पुढे अण्णांना खरंच ताप आला. वैद्यांनी खरंच काढा दिला. बायकोनं तो आटवून हातात दिला, सगळी भावंडं, सुना भोवती उभ्या. अण्णांनी एक घोट घेतला आणि ग्लानीतच बोलले, "नाना, दूध विसरलात!"

*

रविवारी दामले आणि मी तरीतून, म्हणजे होडीनं खाडी ओलांडून, भाट्याला जायचो. तिथे दामल्याचे एक लांबचे काका होते. पहिल्यांदा गेलो तेव्हा काका म्हणाले, "आलात होय? पण आज घरात काही नाही हो."

मला बिचाऱ्यांची अडचण समजली. "छे छे, आम्ही सहज आलो होतो," म्हणून मी उठलो आणि दामल्यालाही ओढत बाहेर काढलं. खाडीपर्यंत तो पाय आपटत आला. तरीत बसल्यावर मात्र फुटला. "अरे शहाण्या, 'काही नाही' म्हणजे आत पानं मांडलेली असतात! खांडवी होती, ओल्या काजूंची उसळ होती. मला वास आला होता!"

धडा शिकलो. पुढच्या महिन्यात कामासाठी एका ओळखीच्यांकडे गेलो. भर दुपार. ते म्हणाले, "आज घरात काही नाही हो." मी मनात म्हटलं, आता फसायचा नाही! मांडी घालून बसलो. अर्धा तास गेला, तास गेला. ते पंख्यानं वारा घेत होते, मी आतल्या दाराकडे बघत होतो. शेवटी न राहवून मीच म्हणालो, "वाढायला घ्या म्हणावं, मला सगळं चालतं."

ते कसनुसे हसले. "मंडळी सगळी केळशीला लग्नाला गेलीयेत हो. मीच सकाळपासून शेजाऱ्यांच्या बोलावण्याची वाट बघतोय."

*

इकडे इंदूचं दर पत्रात तेच, ज्वारीचं काय? कबुतरांची गोष्ट लिहायची सोय नव्हती. मी तिला घावन लिहिले, सांदणं लिहिली, खापरोळी लिहिली. तिनं कळवलं, 'वर्णन पोचलं. त्यानं पोट भरत नाही.'

नाना म्हणाले, "लिहिता काय नुसते? चव पाठवा." त्यांच्या बायकोनं घरच्या फणसपोळीची चांगली जाड घडी दिली. ती मी कापडात शिवून पार्सल केली आणि खुलाशाचं पत्र दुसऱ्या दिवशी टाकलं. इथेच चुकलं! पार्सल आधी पोचलं.

काळपट, चिवट, चकचकीत घडी. सासऱ्यांनी हातात घेऊन वाकवून बघितली आणि म्हणाले, "जावयांना काळजी आहे. वहाणांचे तळ झिजलेत ते लक्षात ठेवलं." ती घेऊन ते तडक मोच्याकडे गेले. म्हातारा मोची जाणता. त्यानं ती घडी उजेडात धरली, नखानं खरवडली, हुंगली आणि अदबीनं परत दिली.

"रावसाहेब, चाळीस वर्षं कातडं हाताळतोय, पण हे जनावर काय आपल्या वळखीचं न्हाई."

तिसऱ्या दिवशी माझं पत्र पोचलं असावं. आठवड्यानं इंदूचं आलं : 'ते कातडं आम्ही खाल्लं. आणखी आहे का? दादांबरोबर चार दिवस येऊन बघून जाईन. सोमवारच्या मोटारीनं परत. ज्वारीचं पीठ माझं मी आणते.'

*

ती आली. वैशाखाचा उकाडा, अंगाला चिकटणारा घाम, ज्याच्या त्याच्या तोंडी 'काय गो' आणि 'होय तर'. तिनं ट्रंक उघडली नाही. पिठाचा डबासुद्धा सोडला नाही. "परतच न्यायचाय," म्हणाली. दामल्याच्या बायकोनं आंब्याची सांदणं पाठवली. इंदूनं चार खाल्ली आणि मग सांगितलं की असलं पिवळं तिला आवडत नाही. नानांनी चहा पाठवला. दादांनी तो प्यायला आणि म्हणाले, "चहाला गवताचा वास येतो."

रविवारी मी तिला स्पष्टच विचारलं, "राहतेस का गं?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इथं माझं म्हणून काय आहे? मला इथलं काही येत नाही. सगळ्यांना सगळं येतं." मला फार वाईट वाटलं.

सोमवार उजाडला. दादा तासभर आधीच मोटार-स्टँडवर गेले आणि तिच्या जागेवर छत्री ठेवून बसले. इंदू निघाली. ओझं नको म्हणून पिठाचा डबा तिनं सकाळीच काकूंना देऊन टाकला होता. ट्रंक माझ्या हातात. "काकूंच्या पाया पडून येते," म्हणून ती आत गेली.

आत काकू चुलीपुढे. ज्वारीचं पीठ पाण्यात सरसरीत कालवलेलं, बिडाच्या तव्याला तेल लावलेलं आणि काकू डावानं ते पीठ तव्यावर ओतताहेत!

"अहो काकू, हे काय?"

"भाकरी गो. तुला वाटेत होईल."

"भाकरी अशी ओततात होय?"

"मग कशी? आम्हां कोकणातल्यांना काय कळतंय त्यातलं!"

इंदूनं पदर खोचला. "सरका तिकडे. परात कुठाय? आधी कढत पाणी घ्यायचं. असं मळायचं. हं, आता तुम्ही थापा." काकूंनी थापली. तिचे तीन तुकडे झाले. "पुन्हा!" इंदू म्हणाली. दुसरी परातीलाच चिकटून बसली.

स्टँडवर मोटारीचा भोंगा वाजला. मी दारातून म्हणालो, "अगं, मोटार..."

"थांबा हो जरा! ह्यांना साधा पिठाचा हातसुद्धा लावता येत नाही!"

दुसरा भोंगा झाला. तिसरा वाजला तो लांबून. दादा गेले, आणि त्यांच्या शेजारी छत्री गेली.

इंदूचे हात थबकले. "गेली वाटतं," ती हळूच म्हणाली.

"जाईना," काकू म्हणाल्या. "मला आधी ही भाकरी शिकव. तुझ्यावाचून कोण शिकवणार मला इथं? जा, विहिरीवरून कळशीभर पाणी घेऊन ये बघू."

इंदू कळशी घेऊन मागल्या दारानं गेली. मी ट्रंक खाली ठेवली आणि आत डोकावलो.

परातीत शेवटचा गोळा उरला होता. काकूंनी तो उचलला, पिठावर ठेवला आणि थापायला घेतला. हात भराभर चालले, भाकरी परातीत गरगर फिरली, पानासारखी पातळ झाली. तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली, निखाऱ्यावर धरली. टम्म फुगली.

मी तोंड उघडं टाकून उभा होतो. काकूंनी वर पाहिलं.

"बघतोस काय नुसता? ती ट्रंक उघड आधी. लुगडी बुरसतील."