चवीला धरलेला तुकडा

आगाशीच्या बाजारात ती उन्हात वाळवलेल्या गोड केळ्यांची सुकेळी विकायची, केळीच्या वाळक्या पानात बांधलेली. नाव मी कधी विचारलं नाही. आमची ओळख सरकारी दवाखान्यात, गोळ्यांच्या खिडकीपाशी झाली. एचआयव्हीच्या गोळ्या तेव्हा नुकत्याच आपल्या भागात फुकट मिळायला लागल्या होत्या. मीही त्याच घेतो. माझी बायको त्याच आजारानं गेली, गोळ्या यायच्या आधी. त्याचा राग मला अजून आहे.

ही बाई पहिल्यांदा आली तेव्हा नुसती हाडं होती. हळूहळू गालावर मांस चढलं आणि ती परत बाजारात बसली. पण आजार गावाला कळला होता. गिऱ्हाईक आलं की ती रीतीप्रमाणे चवीला तुकडा तोडून पुढं धरायची. कोणी घ्यायचं नाही. मग ती तो स्वतःच खायची, सावकाश, त्या माणसाच्या तोंडाकडे बघत.

मी म्हटलं, "बाई, कशाला हात पुढं करतेस? हे लोक घेणार नाहीत."

"नको घेऊ देत, बाबा. गोळ्या लागू पडल्यात, मला भूक लागते. मी धरायचं सोडनार नाय."

खाण्यानं हा आजार होत नाही, हे डॉक्टर घसा फोडून सांगत होते. मी तिथंच उभा राहून सगळ्यांदेखत खायचो.

शेजारच्या मासळीवालीनं आपली टोपली हिच्यापासून लांब सरकवली होती. एक दिवस तीच उठून आली. तुकडा घेतला, तोंडात टाकला, चघळला.

"एवढासाच? मोठा तोड की गं."

"चवीला एवढाच," ही म्हणाली. "पोट भरायचंय तर विकत घे."