सहा चमचे चहा

माणसाला नाकातल्या नळीतून पाणी दिलं, तर त्याची तहान भागते का?

हा प्रश्न मी आठ महिने विचारत होतो. डॉक्टर म्हणाले, स्पीच थेरपिस्टला विचारा. स्पीच थेरपिस्ट तन्वी म्हणाली, सुपरव्हिजनला घेते. सुपरव्हिजनच्या मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड क्वेश्चन! लिहून ठेवा." लिहून ठेवला. वहीत अजून आहे. उत्तर कोणी दिलं नाही, पण त्या आठ महिन्यांत किस्से इतके साठले की आता मित्रांत बसलो की एक सांगायला जातो आणि चार निघतात.

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. दिल्लीत केंद्र सरकारच्या ऑफिसात क्लार्क, आर. के. पुरमला क्वार्टर. मी नववीत नापास झालो तेव्हा त्यानं गावाहून इकडे बोलावून घेतलं आणि ए.सी. फिटिंगच्या कामाला लावलं. मग त्याला ब्रेन स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणं गेलं. दर बुधवारी तन्वी घरी यायची. ती नांदेडची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. सोबत गुरप्रीत, तिचा ज्युनियर. आणि दादाची केस 'कॉम्प्लेक्स' असल्यामुळे या दोघांवर वर्तक मॅडम. मॅडमचे गुडघे दुखायचे, म्हणून त्या गाझियाबादला अकराव्या मजल्यावर बसून मोबाइलवर बघायच्या. थेरपिस्टनी दादाला बघायचं आणि मॅडमनी थेरपिस्टला. यालाच सुपरव्हिजन म्हणतात!

* * *

मोबाइल धरायचा कोणी? स्टँड आणला होता, तो पहिल्याच दिवशी तीनदा पडला. तन्वीचे दोन्ही हात दादाच्या मानेवर, गुरप्रीतचे दोन्ही हात लिहिण्यात. म्हणून मी धरला. फिटिंगच्या कामात मी तासतास हात वर करून उभा असतो, मला काय!

सेशन संपलं. मॅडम म्हणाल्या, "आता आपली चर्चा. ही गोपनीय असते. घरच्यांनी बाहेर जावं."

मी मोबाइल घेऊन बाहेर निघालो.

"अरे गणेश, मला कुठे नेतोस?"

मग पाच मिनिटं त्यावर चर्चा झाली. ठरलं असं की मी थांबायचं, मोबाइल धरायचा, पण ऐकायचं नाही. गुरप्रीतनं तसं वहीत लिहिलं आणि माझी सही घेतली.

* * *

दादाचे सगळे शब्द गेले, एकच राहिला. बिल्कुल. असं होतं म्हणे, एखादा शब्द मागे राहतो. वीस वर्षं साहेबांपुढे तोच शब्द वापरला होता, तो जाणार कसा?

तन्वी विचारायची, "काका, तुमचं नाव सुरेश?"

"बिल्कुल."

"तुमचं नाव रमेश?"

"बिल्कुल!"

"आत्ता बर्फ पडतोय का?"

"बिल्कुल, बिल्कुल."

मॅडम पलीकडून म्हणाल्या, "होय-नाही भरवशाचं नाही, नोंद करा. आणि गुरप्रीत, मागच्या आठवड्याचा रिपोर्ट झाला का?"

"बिल्कुल, मॅडम."

"आता हे कोण बोललं? पेशंट की तू?"

गुरप्रीतनं वहीत डोकं घातलं. दादा मात्र हसला, डाव्या बाजूनं. रिपोर्ट झाला नव्हता हे त्या खोलीत सगळ्यांत आधी दादाला कळलं होतं.

* * *

एकदा माझा अंगठा कुठेतरी लागला आणि कॅमेरा उलटा फिरला. मला कळलं नाही. मॅडमना वाटलं, आज जवळून दाखवतायत.

मॅडम बोलू लागल्या. "तन्वी, नीट बघ. डावा गाल फुगलाय. गालात घास साठतोय आणि पेशंटला त्याचा पत्ताच नाही. ओठ घट्ट मिटलेत. नजर भकास. गुरप्रीत, लिहितोयस ना?"

गुरप्रीत लिहीत होता. तन्वी दादाच्या गालाकडे बघत होती. दादाचा डावा गाल अगदी व्यवस्थित होता.

"पेशंटला सांग, तोंड उघडा."

तन्वीनं सांगितलं. दादानं उघडलं.

"उघडत नाहीये! सूचना समजत नाहीत. मागच्यापेक्षा बरीच घसरण आहे."

तेव्हा तन्वीनं मागे वळून बघितलं. माझ्या डाव्या गालात तंबाखू होती!

मॅडम तशा मोठ्या मनाच्या. चूक कळल्यावर एवढंच म्हणाल्या, "गालाचं निरीक्षण मात्र बरोबर होतं." तंबाखू मी त्या दिवशी सोडली. भकास नजर म्हणाल्या ते मनाला लागलं.

* * *

त्यांचा एक नियम चांगला आहे. जे पेशंटला देणार, ते आधी स्वतः चाखायचं. पातळ पाणी दादाच्या छातीत जाईल म्हणून त्यात पावडर घालून ते खळीसारखं घट्ट करायचे. गुरप्रीतनं एक चमचा घेतला.

"कसं आहे?" मॅडमनी विचारलं.

"टेक्स्चर बहुत बढ़िया है, मॅडम."

"चव?"

"चव..." तो माझ्याकडे बघायला लागला. "यार गणेश, भिंतीला पोस्टर लावतो ना आपण?"

दादाला ते नको होतं. त्याला चहा हवा होता. माझ्या कपाकडे डाव्या हातानं बोट करायचा. मी विचारलं, द्यायचा का? तन्वी म्हणाली, मॅडमना विचारते. मॅडम म्हणाल्या, मी माझ्या मॅडमशी बोलते.

"तुम्हालाही मॅडम आहेत?" मी ऐकत नसतानाही विचारलं.

"असतातच. प्रत्येकाला सुपरव्हिजन लागतं."

"मग सगळ्यांत वरच्या मॅडमनाच सांगा ना, एक माणूस चहासाठी थांबलाय!"

मॅडम म्हणाल्या की नातेवाइकांचा संताप समजून घेण्यावर पुढच्या बुधवारी वेगळं सत्र घेऊ. घेतलं. मोबाइल मीच धरला.

* * *

शेवटी तन्वीच भांडली. मॅडमशी, हॉस्पिटलशी, डॉक्टरांशी. तपासण्या झाल्या, फॉर्म आले, सह्या झाल्या. परवानगी मिळाली. घट्ट केलेला चहा, बुधवारी, तन्वीसमोर, सहा चमचे. पाठ नव्वद डिग्रीत सरळ, हनुवटी खाली.

"नव्वद म्हणजे साधारण..." तन्वी उशा लावत म्हणाली.

साधारण कशाला? मी बॅगेतून माझी स्पिरिट लेव्हल काढली, जिनं मी ए.सी. लावतो, आणि दादाच्या पाठीला टेकवली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत उशा सरकवल्या. मॅडम खूश झाल्या. "वा! गुरप्रीत, उपकरणाचं नाव लिही."

तन्वीचा एक हात दादाच्या गळ्यावर, दुसऱ्यात चमचा. एक. गिळला. थांबली, दादाला आवाज काढायला लावला, ऐकला. दोन. तीन. दादाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि चौथ्याला तन्वीच्याही. सहावा दिला आणि दादानं चमचा दातांत धरला. सोडेचना!

"चावण्याचा रिफ्लेक्स," गुरप्रीत लिहायला लागला.

मी म्हणालो, "हा रिफ्लेक्स नाही. हा माझा दादा आहे. त्याला अजून पाहिजे."

तन्वी हसली. "काका, पुढच्या बुधवारी. नक्की." तेव्हा त्यानं चमचा सोडला.

आयुष्यात मी कुठलाच नियम पाळला नाही, तो एक पाळला. आठवडाभर दादा माझ्या कपाकडे बोट करत होता आणि मी त्याला थेंबही दिला नाही. माझा चहा मी जिन्यात जाऊन प्यायचो. मंगळवारी दादा गेला.

* * *

डॉक्टर म्हणाले, दुसरा स्ट्रोक. छाती साफ होती, चहाचा काही संबंध नाही. तसं कागदावर लिहूनही दिलं.

तेराव्यानंतरच्या बुधवारी तिघं भेटायला आली. म्हणजे दोघं आणि मोबाइल. मी स्वयंपाकघरात होतो तेव्हा गुरप्रीत मागून आला. "भाई, तन्वी रिज़ाइन कर रही है. रोज़ बोलती है, चाय मैंने दी थी."

बाहेर मॅडम म्हणत होत्या, "सगळे आहोतच, तर केस क्लोज करू. तन्वी, हे तुझ्यासाठीच. गणेश, जरा मोबाइल धरतोस?"

धरला.

"तन्वी, रिपोर्ट स्पष्ट आहे."

"मी वाचलाय, मॅडम."

"मग?"

"सहा चमचे मी दिले." तिनं मान खाली घातली. "परवानगीसाठी भांडलेही मीच."

मॅडमनी कागद चाळले. अशा वेळचा फॉर्म त्यांच्याकडे नसावा. गुरप्रीत पेन धरून नुसता बसला होता. दादाची खाट रिकामी होती, आणि ही मुलगी दिल्लीतल्या कुठल्याच माणसाला आता चमचा लावणार नव्हती.

"सहा नाहीत," मी म्हणालो. "पुढचा चहा मी दिला. ही गेल्यावर."

तन्वीनं वर बघितलं. "तू? तू तर लेव्हल लावून बसवलंस त्यांना!"

"तुमच्यासमोर. नंतर अख्खा कप दिला. पातळ. रोज."

मॅडमनी चष्मा काढला. आवाज एकदम हळू झाला. "गणेश, खरं सांग. कसा दिलास? सरळ बसवून?"

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "झोपवून. लिहा."