अठरा पॉइंट चार

गयाबाईंचा ब्लड रिपोर्ट त्यांच्याच मेसच्या भिंतीवर सेलोटेपनं चिकटवलेला होता. शेजारी क्लासच्या टॉपर पोरापोरींचे फोटो. मॅडमनी तो वाचला आणि हातातला घास ताटात ठेवला.

“सलीमभाई,” त्यांनी मला विचारलं, “हे हिमोग्लोबिन कोणाचं?”

“माझंच की मॅडम!” चपाती उलटता उलटता गयाबाई बोलल्या. “अख्ख्या गल्लीत पहिला नंबर हाय.”

मॅडम हसल्या नाहीत. तो रिपोर्ट माझ्याच हातून गेला होता.

मी लातुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. मॅडम आमच्या डॉक्टर, म्हणजे माझ्या बॉस. पंधरा दिवसांपूर्वी क्लासच्या गल्लीतल्या मेसवाल्या बायकांचं रक्त आम्ही फुकट तपासलं होतं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल रंग. तोच अंगभर ऑक्सिजन पोहोचवतो. बायकांचं बारा ते पंधरा असावं; आमच्याकडे नऊ-दहा निघालं तरी कुणाला नवल वाटत नाही. म्हणून लॅबची पद्धत अशी, की कमी आकड्याला मी लाल पेनानं गोल करायचा. मॅडम आधी ते गोल बघणार, मग बाकीच्यांवर सही.

गयाबाईंचं आलं अठरा पॉइंट चार. मला वाटलं मशीन बिघडलं. पुन्हा लावलं, तेच. माझं स्वतःचं रक्त लावलं, चौदा. म्हणजे मशीन ठीक होतं. आकड्याशेजारी त्यानं इंग्रजी एच छापला होता, म्हणजे हाय, जास्त. मी काय केलं? हसलो. गोल केला नाही. वर रिपोर्ट देताना म्हणालो, “बाई, तुम्ही तर टॉपर!”

क्लासच्या या गावात मार्क असो की रक्त, आकडा जास्त म्हणजे चांगला, हे आमच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय. आणि गयाबाईंना तर तो आकडा जीव की प्राण. त्या किल्लारीकडच्या. भूकंपात दगडांखालून काढल्या, रक्त फार गेलं होतं. तेव्हापासून बीट, गूळ, खजूर, कुणी सांगेल ते टॉनिक.

“सिगारेट, तंबाखू?” मॅडमनी विचारलं.

“छे वो!”

“वजन उतरलंय?”

“ब्लाउज सैल व्हायलेत. पन कामानं होतंय ते.”

त्याच दिवशी पुन्हा रक्त घेतलं. हिमोग्लोबिन तेवढंच, शिवाय कॅल्शियमही वाढलेलं. गयाबाई खूश: “मंग हाडं बी मजबूत!”

मॅडमनी मला केबिनमध्ये नेलं. “किडनी एक हार्मोन सोडते, त्यावर लाल पेशी बनतात. किडनीत गाठ असेल तर कधीकधी ते हार्मोन बेसुमार सुटतं आणि हिमोग्लोबिन चढतं. कॅल्शियमही त्या गाठीनं वाढू शकतं. कारणं दुसरीही असतात. आधी सोनोग्राफी करू.”

सोनोग्राफीत डाव्या किडनीत लिंबाएवढी गाठ दिसली. सीटी स्कॅननंतर सर्जन म्हणाले, कॅन्सरच वाटतोय, लवकर काढा. ज्या बाईच्या हातचं मी रोज दुपारी जेवत होतो, तिच्या कॅन्सरच्या खुणेला मी टॉपर म्हणालो होतो.

गयाबाईंना मात्र पटेना. “मला कुठं काय दुखतंय? लेक परीक्षेला दुसऱ्यांदा बसायलीय, रिपीटचं वर्ष हाय. दोन महिन्यांनी परीक्षा. मंग बघू.”

मॅडमनी समजावलं, लेकीनं रडून पाहिलं. बाई हलेनात. शेवटी मी मेसमध्ये जाऊन सगळं खरं सांगितलं. “गयाबाई, चूक माझी हाय. मशीननं इशारा दिला आन् मी हसलो. पंधरा दिवस माझ्यामुळं गेले. आता दोन महिने तुमच्यामुळं घालवू नका. भूकंपात तुम्हाला काढणाऱ्यांनी उजाडायची वाट बघितली होती का?”

गयाबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. मग गॅस बंद केला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “अंधारातच हातानं दगड उपसले त्यांनी.”

आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरचीच होती, पण किडनीच्या बाहेर गेली नव्हती. डावी किडनी गेली, बाई वाचल्या. लेकीनं परीक्षा दिली, आईला डबा करून देत.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. बारा पॉइंट सहा. रिपोर्ट हातात घेऊन गयाबाईंचं तोंड उतरलं. “सहाएक मार्क कमी झाले की वो, सलीमभाई.”

त्यानंतर असे वाढलेले आकडे मी बरेच पाहिले. कुणी पाणी कमी पीत होतं, कुणी बिड्या ओढत होतं. कॅन्सर पुन्हा कुणाचा निघाला नाही. पण आता मी कमी आणि जास्त, दोन्हीला लाल गोल करतो.

जास्त आकड्याला पहिला गोल मात्र मी लॅबमध्ये केला नाही. गयाबाईंचा तो नवा रिपोर्ट घेऊन मेसमध्ये गेलो, तेव्हा जुना अजून भिंतीवरच होता. खिशातला लाल पेन काढला आणि अठरा पॉइंट चारभोवती गोल ओढला.

“झालं का?” मागून गयाबाई म्हणाल्या. “बसा आता. चपाती गार व्हायली.”