मोरोक्कोच्या आया

दर शनिवारी मी धारहून देवासला आईकडं येतो. वडील गेल्यापासून ती आमच्या जुन्या कॉलनीत एकटीच राहते. विश्वचषकातल्या त्या शनिवारी रात्री मोरोक्को आणि पोर्तुगालची मॅच होती. मी टीव्ही लावला, आई मेथी निवडत शेजारी बसली. फुटबॉल तिला कळत नाही. तरी मोरोक्कोच्या एकानं डोक्यानं गोल केला तेव्हा तिचे हात थांबले.

मोरोक्को जिंकलं. आफ्रिकेतला कुठलाच संघ याआधी इतका पुढं आला नव्हता, हे मी तिला सांगत होतो. तिचं लक्ष पडद्याकडं होतं. डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई मैदानात उतरली होती आणि तिचा मुलगा तिचे हात धरून नाचत होता.

"ही कोण?"

"त्याची आई."

"एवढ्या लांब आली?"

"पुष्कळांच्या आल्यात."

ती मग मेथीकडं बघतच म्हणाली, "मीपण आले होते एकदा."

मला कळेना. शाळेत मी फुटबॉल खेळायचो. अभ्यास बुडतो म्हणून वडील चिडत, त्यामुळं घरचं कोणी मॅचला येत नसे. निदान मी तसंच धरून चाललो होतो.

"धारच्या शाळेशी होती ना तुमची मॅच? दळण आणायला म्हणून निघाले आणि मैदानाच्या भिंतीपाशी उभी राहिले. तू पडलास, गुडघा फुटला. आत यावंसं फार वाटलं रे."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही हरलात. आईनं बघितलं म्हणून तुला अजून लाज वाटली असती."

मी तिच्यासमोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि निवडू लागलो.

पुढच्या मॅचमध्ये मोरोक्को हरलं. सकाळी फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "रडली असतील पोरं." मग विचारलं, "तू अजून खेळतोस का?"

"रविवारी, ऑफिसची मंडळी. सगळ्यांची पोटं सुटलीत."

"येते मी."

रविवारी ती माझ्याबरोबर धारला आली आणि मैदानाकडेला स्वेटर घालून खुर्चीवर बसली. आमचा गोलकीपर तिला चहा देऊन माझ्याकडं बोट दाखवत म्हणाला, "आंटी, ये भिया तो दौड़ते ही नी हैं."

"आज दौड़ेगा," आई म्हणाली.

मी धावलो. दहा मिनिटांत धाप लागली, तेव्हा बाहेर येऊन तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो. तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं. सगळे बघत होते. मी पुसू दिलं.